मुष्टियोद्धे मुरलीकांत पेटकर
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात कल्याण येथे केलेले भाषण)



वार्षिक संमेलनाच्या व्याख्यानासाठी आपल्याच ज्ञातीतील एखादा कर्तबगार पुरुष निवडावा, त्याच्या घराण्याचा वृत्तान्त सांगावा आणि शेवटी तरुणांनी त्याचा कित्ता गिरवावा असे म्हणून खाली बसावे, असा आपल्याकडे प्रघात आहे. तो प्रघात वाईट आहे असे आमचे मुळीच म्हणणे नाही. परंतु या वर्षी आमच्याकडे आले ते आपले विद्यार्थी सभासद. हल्ली कल्याणात आणि डोंबिवलीत व्यायामशाळांतून मुष्टियुद्धाचे वर्ग निघाले आहेत, मुलगेच काय पण मुलीही हातमोजे चढवून ठोसे मारण्याचा सराव करू लागल्या आहेत. या मंडळींचा आग्रह असा की, एखाद्या मुष्टियोद्ध्याचे चरित्र सांगा. आणि तोही परका नको, आपल्या भाषेत बोलणारा हवा.

म्हणून आम्ही श्री. मुरलीकांत पेटकर यांचे नाव घेतले. लगोलग एका वडीलधाऱ्या सभासदांनी आम्हांस बाजूला घेऊन विचारले, "हे गृहस्थ आपल्यांपैकी का?" पेटकर हे कल्याणचे नव्हेत, हे उघड आहे. त्यांची ज्ञात कोणती, याची चौकशी आम्ही केली नाही आणि करणारही नाही. कल्याणच्या जोशांच्या घरात १८६५ साली जन्मलेल्या आनंदीबाई पुढे डॉक्टर झाल्या. त्यांचे नाव घेताना हे गाव त्यांस आपली म्हणते, त्या वेळी कोणी ज्ञातीची यादी उघडून बसत नाही. तोच न्याय आम्ही येथे लावला आहे.

मुष्टियुद्ध ही आपल्याकडे अगदीच उपरी विद्या आहे असे नाही. कंसाच्या दरबारातील चाणूर आणि मुष्टिक ही जोडी लहान मुलांसही ठाऊक असते, आणि त्यांतील दुसऱ्याचे नावच मुठीवरून पडलेले आहे. तथापि महाराष्ट्राचे मन रमले ते तांबड्या मातीत. कोल्हापूरचे खासबाग मैदान, गावोगावच्या तालमी, यात्रेतील फड, मानाचा फेटा आणि नारळ, हे सारे कुस्तीचे वैभव. हातमोजे घालून दोरांच्या चौकटीत उभे राहण्याचा खेळ आपल्याकडे आला तो मुख्यतः पलटणींतून. पैसे लावून ठोसे मारण्याचा धंदा इंग्लंड-अमेरिकेत फोफावला तसा आपल्याकडे फोफावला नाही. आपला मुष्टियोद्धा बहुधा सेनादलाच्या, रेल्वेच्या किंवा पोलिसांच्या चाकरीत असे आणि तेथेच त्याचा खेळ पोसला जाई. १९६२ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धांत सुवर्णपदक मिळविणारे पदमबहादुर मल्ल सैनिक होते, आणि १९६६ व १९७० अशी दोन वेळा तीच कामगिरी करणारे हवासिंगही सैनिकच. पेटकरांचेही तसेच. पेशा सैनिकाचा, लौकिक मुष्टियोद्ध्याचा.

त्यांचा जन्म १ नोव्हेंबर १९४४ रोजी पेठ इस्लामपूर भागात झाला. आज आपण त्यास सांगली जिल्हा म्हणतो. त्या वेळी तो मुलूख सातारा जिल्ह्यात होता, १९४९ मध्ये दक्षिण सातारा झाला आणि १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले. त्या वर्षांतील वाळवे तालुका म्हणजे काय प्रकरण होते, हे आजच्या मुलांस सांगितले पाहिजे. क्रांतिसिंह नाना पाटील त्याच तालुक्यातील येडे मच्छिंद्रचे. इंग्रजांचे राज्य मुंबई-पुण्यात चालू असताना या खेड्यांतून प्रतिसरकार उभे होते, न्याय-निवाडे देत होते. ज्या मातीत पेटकर रांगले ती माती अशी होती.

तेथून कऱ्हाड फार लांब नाही. पेटकर सात वर्षांचे असताना, १९५२ साली, कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव हेलसिंकीच्या ऑलिंपिकमधून कुस्तीचे कांस्यपदक घेऊन परतले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक पदक. त्या प्रवासासाठी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण टाकले होते, आणि परतल्यावर गाववाल्यांनी शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक काढली होती. असा सोहळा ज्या मुलखात झाला, त्या मुलखातील प्रत्येक पोरास काही वर्षे तरी आपण पैलवान व्हावे असे वाटत असल्यास नवल नाही. खाशाबांचे नाव आम्ही मुद्दाम येथे घेतले आहे. पुढे ते पुन्हा येणार आहे.

पेटकर लहान वयातच सैन्यातील मुलांच्या पलटणीत गेले. सिकंदराबादेस विद्युत व यांत्रिक अभियंता दलात ते शिपाई कारागीर होते. रणगाडा नादुरुस्त झाला, तोफेचा भाग मोडला, की ज्याने हत्यारे घेऊन धावायचे, तो हा सैनिक. तेथे त्यांचा मुष्टियुद्धाचा खेळ बहरास आला, आणि १९६४ साली टोकियोच्या आंतरराष्ट्रीय सेनादल स्पर्धांत भारतीय सेनेकडून ते खेळले आणि पदक घेऊन आले. वय अवघे विसाच्या आसपास. पुढचा रस्ता सरळ दिसत होता.

१९६५ च्या पाकिस्तानबरोबरच्या युद्धात त्यांच्या देहात गोळ्या घुसल्या. पाठीच्या कण्याशी रुतलेली एक गोळी निघू शकली नाही. कंबरेखालचा देह निकामी झाला.

येथे क्षणभर थांबून आपल्या तरुण मुष्टियोद्ध्यांस आम्ही एक गोष्ट विचारतो. ठोसा कशाने मारतात? हाताने, असा पाहणाऱ्याचा समज. ज्याने मोजे चढवले आहेत त्यास ठाऊक असते की ठोसा मागच्या पायाच्या चवड्यातून निघतो, कंबरेच्या पिळातून वर चढतो, खांद्यातून पुढे लोटला जातो आणि मुठीत तो केवळ प्रकट होतो. म्हणूनच वस्ताद पहिले कित्येक दिवस हाताला हातच लावीत नाही. पायांची हालचाल घोटून घेतो. तेव्हा पेटकरांचे नुकसान नेमके किती झाले ते पाहा. त्यांचे हात शाबूत होते, मुठी शाबूत होत्या, आणि तरीही त्यांच्यापाशी एकही ठोसा उरला नव्हता. उरले ते रुंद खांदे, कमावलेला दमसास, आणि मार खाऊन उभे राहण्याची सवय. यांतील शेवटची गोष्ट कोणत्या वैद्यकीय तपासणीत नोंदली जात नाही.

पाठीचा कणा दुखावलेल्या माणसाचे पूर्वी काय होत असे, हे सांगितल्यावाचून पुढील भाग समजणार नाही. पहिल्या महायुद्धापर्यंत अशा जखमींपैकी बहुतेक जण थोड्याच काळात दगावत. ते कण्याच्या जखमेने मरत नसत. एकाच कुशीवर पडून पाठीला क्षते पडत, मूत्रमार्गात विषबाधा होई आणि त्यातून ते जात. डॉक्टर त्यांच्याकडे मरणाची वाट पाहणारे म्हणूनच बघत. हिटलरच्या जर्मनीतून १९३९ साली इंग्लंडात आश्रयास आलेले लुडविग गुटमान नावाचे एक ज्यू शस्त्रवैद्य होते. स्टोक मँडेव्हिल या गावच्या रुग्णालयात १ फेब्रुवारी १९४४ रोजी अशा जखमी सैनिकांचा विभाग त्यांच्या हाती आला. पेटकरांचा जन्म त्याच वर्षीचा, हा योगायोग आम्हांस फार बोलका वाटतो. गुटमान यांनी पहिली गोष्ट केली ती अगदी साधी: दर दोन तासांनी, रात्रीदेखील, रोग्याची कूस बदलायची. आमच्या घरोघरच्या सासवा-सुनांनी अंथरुणास खिळलेल्या वडीलधाऱ्यांची हीच सेवा वर्षानुवर्षे केली आहे. गुटमान यांनी तिला शिस्त लावली. दुसरी गोष्ट त्यांनी केली ती मात्र कोणास सुचली नव्हती. त्यांनी या माणसांना खेळावयास लावले. लंडन ऑलिंपिक ज्या दिवशी सुरू झाले त्याच दिवशी, २९ जुलै १९४८ रोजी, त्यांच्या रुग्णालयाच्या हिरवळीवर चाकांच्या खुर्च्यांत बसलेल्या १६ जखमींनी धनुष्यबाणाची स्पर्धा केली. त्यांत दोन स्त्रिया होत्या. त्या सोळा जणांच्या खेळातून पुढे १९६० साली रोमला पॅरालिम्पिकचा पहिला सोहळा झाला.

पेटकर मुंबईस नौदलाच्या अश्विनी रुग्णालयात होते. तेथे अवयवांस चलन मिळावे म्हणून त्यांना पाण्यात उतरविण्यात आले. सुरुवात उपचाराची होती; स्पर्धेची कल्पना मागाहून आली. पण पाणीही त्यांस सोपे नव्हते. पोहण्यात पायांचे काम दुहेरी असते: देह पुढे रेटणे आणि देह आडवा राखणे. पाय निर्जीव झाले की ते खाली ओढू लागतात, आणि पोहणाऱ्यास आपल्याच अर्ध्या देहाचे ओझे मागून फरफटत न्यावे लागते. सारा भार बाहूंवर आणि श्वासावर. मुष्टियोद्ध्याने वर्षानुवर्षे जे कमावलेले असते ते नेमके येथे कामी आले. त्यांनी मुष्टियुद्ध सोडले, असे लिहिणारे लिहितात. आमच्या मते ते मुष्टियुद्धच घेऊन पाण्यात उतरले.

तेल अवीव येथे नोव्हेंबर १९६८ मध्ये झालेल्या पॅरालिम्पिकमध्ये भारताने प्रथमच भाग घेतला. पेटकर तेथे टेबल टेनिस खेळले आणि पहिली फेरी जिंकले. १९७० मध्ये एडिंबरोच्या राष्ट्रकुल अपंग क्रीडास्पर्धांत त्यांनी ५० मीटर मुक्त पोहण्यात सुवर्ण, भालाफेकीत रौप्य आणि गोळाफेकीत कांस्य अशी तीन पदके मिळविली. मंडळींनी हे ध्यानात घ्यावे की, हे तीन खेळ तीन वेगळ्या विद्या आहेत. या प्रवासांसाठी पैसा लागे, आणि अशा खेळाडूंकडे पाहणारे तेव्हा फार थोडे होते. क्रिकेटपटू विजय मर्चंट यांनी अपंगांच्या कल्याणास आपले उत्तर आयुष्य वाहिले होते. त्यांच्या प्रयत्नांतून पेटकरांस साहाय्य झाल्याचा उल्लेख वारंवार आढळतो.

मग आले १९७२. त्या वर्षीचे ऑलिंपिक म्युनिकला होते. खरे पाहता अपंगांच्या स्पर्धाही तेथेच व्हावयाच्या. परंतु खेळाडूंच्या निवासाच्या इमारतींची रहिवासी घरे करावयाची ठरली होती, म्हणून या मंडळींची पाठवणी हायडेलबर्ग या विद्यापीठाच्या गावी झाली. तेथे २ ते ११ ऑगस्ट या काळात सुमारे ४० राष्ट्रांचे सुमारे एक हजार खेळाडू जमले. कण्याची जखम कोणत्या पातळीवर आहे त्यावरून गट पाडलेले असतात. पेटकर तिसऱ्या गटात होते. ५० मीटर मुक्त पोहण्याचे अंतर त्यांनी ३७.३३ सेकंदांत कापले. सुवर्णपदक, आणि तो जागतिक विक्रम. त्याच स्पर्धांत भालाफेकीत आणि चाकाच्या खुर्चीच्या वळणावळणांच्या शर्यतीतही त्यांनी अंतिम फेरी गाठली होती. वय सत्तावीस.

ऑलिंपिकच्या वैयक्तिक खेळांत भारतास पहिले सुवर्ण मिळाले ते अभिनव बिंद्रा यांच्या हातून, २००८ साली. पेटकरांचे सुवर्ण त्याआधी ३६ वर्षांचे. स्पर्धा वेगळ्या, मान्य. तराजू घेऊन बसण्याची आमची इच्छा नाही. परंतु १९७२ च्या ऑगस्टात सांगली जिल्ह्यातील एका शिपायाने जगात पहिला क्रमांक मिळविला, ही बातमी आपल्यांपैकी कितीजणांच्या घरी पोहोचली होती? आजच्या सभेत त्या वेळी जाणत्या वयाचे असलेले पुष्कळ सभासद आहेत. त्यांच्यापैकी एकानेही हे नाव तेव्हा ऐकल्याचे आम्हांस सांगितले नाही.

त्यांची बैलगाड्यांची मिरवणूक राहून गेली. त्यांनी पुण्यास टेल्को कारखान्यात नोकरी धरली आणि सुमारे तीस वर्षे केली. असे सांगतात की टाटांकडून युद्धातील जखमींस मदत देऊ करण्यात आली तेव्हा पेटकरांनी मदत नाकारून काम मागितले. आम्हांस हा प्रसंग सुवर्णपदकाहून उणा वाटत नाही. महाराष्ट्र शासनाने १९७५ साली त्यांस शिवछत्रपती पुरस्कार दिला. अर्जुन पुरस्कारासाठी त्यांनी पुढे, १९८२ च्या सुमारास, अर्ज केला. तो मान्य झाला नाही.

आता खाशाबांकडे परत येऊ. १९५२ च्या पदकानंतर ते पोलीस खात्यात चाकरी करीत राहिले आणि १४ ऑगस्ट १९८४ रोजी अपघातात वारले. अर्जुन पुरस्कार त्यांच्या नावे जाहीर झाला तो मरणोत्तर, या शतकाच्या आरंभी. एकाच मुलखातील हे दोन वीर. एकाच्या नशिबी पुरस्कार मेल्यावर आला. दुसऱ्यास २०१८ साली पद्मश्री मिळाली, आणि १७ जानेवारी २०२५ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते जीवनगौरवाचा अर्जुन पुरस्कार. तेव्हा पेटकरांस ८० वर्षे पूर्ण झाली होती आणि हायडेलबर्गला ५२ वर्षे. मधल्या २०२४ सालात त्यांच्यावर 'चंदू चँपियन' हा हिंदी चित्रपट निघाला. आमच्या घरातील मुलांस पेटकर ठाऊक झाले ते त्यामुळे. चित्रपटवाले कथेस तिखटमीठ लावणारच. ते वजा जाता जे उरते तेही पुरेसे आहे, एवढेच आम्ही म्हणू.

वारशाविषयी बोलावयाचे तर हायडेलबर्गनंतर पॅरालिम्पिकचे पुढील सुवर्ण येण्यास २००४ साल उजाडले. ते राजस्थानच्या देवेंद्र झाझरिया यांचे, भालाफेकीतील. मध्ये १९८४ साली भीमराव केसरकर यांनी भालाफेकीत रौप्य मिळविले होते. करमाळ्याचे सुयश जाधव यांनी विजेच्या धक्क्याने हात गमावल्यावर पोहण्यातच नाव काढले; २०१६ ची रिओची आणि त्यानंतरची टोकियोची, अशा दोन्ही पॅरालिम्पिकमध्ये ते उतरले. आणि ४ सप्टेंबर २०२४ रोजी पॅरिस येथे सचिन खिलारी यांनी १६.३२ मीटर गोळा फेकून रौप्य आणले. हे खिलारी आटपाडी तालुक्यातील, म्हणजे पुन्हा सांगली जिल्हाच. त्या पॅरिसच्या स्पर्धांत भारतास एकूण २९ पदके मिळाली.

आता कल्याणचा विचार करू. २०११ च्या खानेसुमारीप्रमाणे महाराष्ट्रात २९ लाखांहून अधिक अपंग व्यक्ती आहेत. आपले गाव आगगाडीचे जंक्शन. १८५४ पासून रूळ आपल्या दारावरून जातात. धावत्या गाडीतून पडून किंवा रूळ ओलांडताना पाय गमावलेला माणूस येथे कोणाच्या ना कोणाच्या नात्यात, शेजारात असतोच. आपल्या जुन्या वाड्यांचे उंबरठे उंच, जिने अंधारे. एकदा माणूस माडीवर बसला की बसलाच. आमच्या फिरण्यात आम्ही असे घर पाहिले आहे की जेथे पाहुणे आले म्हणजे मुलास आतल्या खोलीत नेतात. बहिणीच्या लग्नास अडथळा होईल, ही भीती. ती भीती आम्ही हसण्यावारी नेत नाही; स्थळे पाहणाऱ्यांनी ती निर्माण केली आहे, आणि स्थळे पाहणारे आपणच आहोत.

आपल्या मंडळाच्या कुटुंबपत्रकात शिक्षणाचा रकाना आहे, व्यवसायाचा आहे, विवाहयोग्य मुलामुलींचा आहे. या मुलांचा नाही. गुणगौरव समारंभ दुसऱ्या मजल्यावरच्या सभागृहात होतो. तेथवर चाकाची खुर्ची चढत नाही. २०१६ च्या अपंगहक्क कायद्याने २१ प्रकारची अपंगत्वे मान्य केली आहेत आणि सार्वजनिक इमारतींस सुगमतेची अट घातली आहे. पण आमच्या मनात कायद्याचा धाक घालण्याचे नाही. कार्यकारी मंडळापुढे आम्ही तीन मागण्या लेखी ठेवल्या आहेत. पुढील संमेलन तळमजल्यावर घ्यावे. कुटुंबपत्रकात एक रकाना वाढवावा, आणि तो भरणाऱ्या कुटुंबाच्या इच्छेवाचून कोणास दाखवू नये. शिष्यवृत्ती निधीतून दर वर्षी एका तरी मुलास किंवा मुलीस पोहण्याच्या, नेमबाजीच्या किंवा त्यास झेपेल त्या खेळाच्या शिक्षणाचा खर्च द्यावा. अध्यक्षमहाराजांनी या मागण्या पुढील सभेत घेण्याचे मान्य केले आहे. ज्या कुटुंबांस आपले नाव द्यावयाचे असेल त्यांच्यासाठी कोरे पत्रक चिटणिसांच्या मेजावर ठेवले आहे. येथे सर्वांदेखत भरणे अवघड वाटल्यास ते घरी नेऊन, बंद पाकिटात पाठविले तरी चालेल.